कूपरेजवरचं १९५८ साल

कुणाचं लग्न कधी झालं, हे सांगताना आमचे नानामामा म्हणायचे, “हैदराबाद पोलीस रोव्हर्स जिंकत सुटले होते ना, तेव्हा.” म्हणजे १९५० ते १९५४. सलग पाच वर्षं त्या संघाने रोव्हर्स चषक नेला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम मामांच्या तोंडी कायम ‘रहीमसाहेब’च असत.

१८९१ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही फुटबॉलची स्पर्धा पहिली कित्येक वर्षं गोऱ्या पलटणींचीच होती. १९२३ मध्ये मोहन बागान हा भारतीय संघ अंतिम फेरीपर्यंत पोचून हरला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने चषक पहिल्यांदा भारतीयांच्या हाती आणला. तरीही मामांच्या पिढीला एक सल होती. स्पर्धा मुंबईची, मैदान कूपरेजचं आणि चषक मात्र बाहेरगावचे संघ घेऊन जायचे.

ती सल १९५८ मध्ये निघाली. कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या मुंबईच्या संघाने अंतिम सामन्यात मोहन बागानला हरवलं. संघात नेव्हिल डिसोझा होता. मूळचा गोव्याचा हा गडी दोनच वर्षांपूर्वी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून आला होता. त्या दिवसांत फोर्टातली कचेरी सुटली की मामा ओव्हलच्या कडेने झपाझपा कूपरेज गाठत. तिथे माझगावचे गोवेकर, मदनपुऱ्यातले कारागीर आणि परळचे गिरणी कामगार खांद्याला खांदा लावून उभे असत. एकदा हरलं की संघाने गाशा गुंडाळायचा, म्हणून प्रत्येक चढाईला सगळ्यांचाच जीव टांगणीला.

मामा स्वतः कचेरीच्या संघातून मुंबईची हारवूड लीग खेळले होते. तेव्हाचा चामड्याचा चेंडू वादीने आवळलेला असे. पावसात भिजला की दगडासारखा जड व्हायचा आणि हेडर नेमका वादीवर बसला तर कपाळावर तिचा वळ उठायचा. तो वळ घेऊन ते दुसऱ्या दिवशी टेबलावर हजर असत, कारण खेळामुळे नोकरी होती आणि नोकरीमुळे खेळ.

मला या गोष्टींतलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. टाटा, मफतलाल, रेल्वे, एअर इंडिया, महिंद्र यांनी खेळाडूला महिन्याचा पगार दिला, म्हणून चाळीतला पोरगा मोहन बागानसमोर ताठ उभा राहू शकला. पुढे कंपन्यांचे संघ एकेक करून मिटत गेले. रोव्हर्स शेवटची २०००-०१ मध्ये झाली. २००६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेडही २०१० मध्ये बंद झाला.

मुंबईचं फुटबॉलवरचं प्रेम आटलं, असं कुणी म्हणालं की मला नानामामांची पिढी आठवते. प्रेम तेव्हाही होतं, आजही गल्लोगल्ली आहे. त्या प्रेमाला पोटापाण्याची हमी होती, तोवर चषक घरी येत होता. ती हमी पुन्हा कुणीतरी द्यायला हवी.