संकरित पिकाचं बी घरी का राखू नये?

शुद्ध लाल आणि शुद्ध पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला, की पहिल्या पिढीत सगळी फुलं गुलाबी येतात. वाटतं, रंग एकजीव झाले. पण त्याच गुलाबी झाडांचं बी पेरलं, तर साधारण चारात एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरं निघतं. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्स यांनी हे दाखवलं. गुण विरघळत नाहीत, पुढच्या पिढीत सुटे होतात.

संकरित मक्याचंही तेच. विकतच्या बियाण्याचं पीक एकसारखं येतं. त्यातलंच बी राखून पेरलं की एक ताट उंच, एक बुटकं, कणसं लहानमोठी, उतारा कमी. यात बियाणं बोगस नसतं. सोयाबीन, हरभरा, गव्हाच्या सरळ वाणाचं बी मात्र उगवण तपासून खुशाल घरचं वापरावं. पिशवीवर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ असेल, तर नाही.