मनोऱ्याची उत्तर भिंत

१३४९चा उन्हाळा. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशरमधलं ॲशवेल गाव. तुम्ही झऱ्यावर पाणी भरताय. हेच पाणी पुढे केंब्रिजच्या कॅम नदीला मिळतं. काठावर रोज दिसणारे कितीतरी चेहरे आज नाहीत. गेल्या वर्षी दक्षिणेच्या एका बंदरात उतरलेली मरी आता तुमच्या आळीत आली आहे. काखेत गाठ येते, ताप चढतो आणि काही दिवसांत माणूस जातो. मरण्याआधी त्याची पापकबुली धर्मगुरूने ऐकायला हवी, पण धर्मगुरूच मरताहेत. तिकडे बाथ अँड वेल्सच्या बिशपने जानेवारीतच कळवलंय की धर्मगुरू मिळाला नाही तर सामान्य माणसापुढे पाप कबूल करा, तोही नसेल तर बाईपुढे. साथ ओसरेपर्यंत देशातली एक तृतीयांश ते निम्मी माणसं संपलेली असतील.

आता काही वर्षं पुढे या. शेतं ओस पडली आहेत, हात कमी आहेत आणि मजुरी वाढली आहे. ती साथीपूर्वीच्या दरावर बांधून ठेवणारा कायदा राजाने १३५१ मध्ये केला, पण हातांची टंचाई कायद्याने थोडीच भरून निघते! तरीही सेंट मेरी चर्चच्या आवारात छिन्नीचे आवाज आहेत. इथला दगड म्हणजे क्लंच, खडूच्या जातीचा. खाणीतून नुकता काढलेला असेल तर करवतीने कापता येतो. नक्षीला उत्तम, पावसाला आणि हिमाला मात्र अगदी कच्चा. थंडीत चुना गोठतो म्हणून काम थांबतं, आणि अर्ध्या भिंतींच्या माथ्यावर गवत आणि शेण पसरून ठेवतात. त्या कामात तुमचेही हात भरले आहेत. वेदीकडचा भाग सांभाळणं ही रेक्टरची, म्हणजे चर्चच्या उत्पन्नाच्या हक्कदाराची जबाबदारी, लोक उभे राहतात तो मधला भाग गावाचा. त्यामुळे खांबाखांबात तुमचा पैसा आहे.

रविवारी आत या. बसायला बाकं नाहीत. बहुतेक जण उभे, म्हातारे भिंतीला टेकलेले. वेदी आणि तुमच्यामध्ये लाकडी जाळीचा पडदा आहे. मिस्सा, म्हणजे उपासनेचा विधी, लॅटिनमध्ये चालते, शब्द कळत नाहीत. घंटी वाजली की तुम्ही मान वर करता, कारण धर्मगुरूने भाकर उंच धरली आहे. ती पाहणं हाच तुमचा प्रसाद, कारण प्रत्यक्ष मुखात प्रसाद पडतो तो बहुधा वर्षातून एकदा, ईस्टरला.

१५ जानेवारी १३६२, संत मॉरसचा दिवस. गावाच्या हिशेबात अजून १३६१च चालू आहे, कारण इथे साल बदलतं ते २५ मार्चला. आदल्या वर्षी साथ पुन्हा येऊन गेली, या खेपेला मुलांना जास्त घेऊन. आणि आज वारा सुटलाय. छपरं उडताहेत, झाडं मुळासकट उन्मळून पडताहेत. तिकडे नॉर्विच कॅथीड्रलचा कळस कोसळला आहे. तुम्ही मनोऱ्याच्या तळाशी आसरा घेता.

वारा थांबल्यावर कुणीतरी त्याच मनोऱ्याच्या आतल्या उत्तर भिंतीपाशी येतं. त्याला लॅटिन येतं, हातात अणकुचीदार काहीतरी आहे. दिवा तुम्ही धरा. तो १३५०ची क्रूर मरी लिहितो, साक्ष द्यायला उरला तो फक्त लोकांतला गाळ असं लिहितो, आणि शेवटी १३६१चा, मॉरसच्या दिवशी गर्जत आलेला वारा. खाली नाव नाही. राजाच्या शिलालेखाला हुकूम लागतो, मानधन लागतं. याला मऊ दगड पुरला. या चर्चमध्ये दुसरं कुणीतरी लंडनचं जुनं सेंट पॉल्स कॅथीड्रल रेखून गेलंय, जे १६६६च्या आगीत जळालं. एका खांबावर तर कोपरे नीट जुळले नाहीत म्हणून थुंकतो, अशी लॅटिनमधली तक्रार आहे. कारागिरांचं कौतुक कुणी कोरून ठेवलेलं नाही!

कौतुक करायचं असेल तर बाहेर जाऊन वर बघा. इतकी माणसं गमावलेल्या पिढ्यांनी चौदाव्या शतकात उभारलेला हा मनोरा, शिशाने मढवलेल्या टोकासह, १७६ फूट आहे. हर्टफर्डशरमधल्या दुसऱ्या कुठल्याही पॅरिश चर्चचा मनोरा एवढा उंच नाही. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या हुकमांनी देशभरच्या चर्चमधल्या मूर्ती हटल्या, चित्रांवर चुना फिरला. भिंतीवरच्या ओरखड्यांसाठी मात्र कुणी हुकूम काढला नाही.

आजही ही अक्षरं वाचता येतात. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून ॲशवेल अँड मॉर्डन स्टेशनला उतरा. गाव तिथून सुमारे दोन मैल. मनोऱ्याखाली टॉर्च समोरून मारू नका, भिंतीला लगटून आडवा धरा, म्हणजे अक्षरांच्या सावल्या उठून दिसतात. आणि दगड मऊ आहे म्हणून आपलं नाव कोरायचा मोह झालाच, तर आवरा. ज्याच्यापाशी सांगण्यासारखं होतं त्याने नाव लिहिलं नव्हतं.