उंबरठ्यावरचा कुत्रा

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व आसपासच्या शहरांतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला आणि देशभर वादाला तोंड फुटलं. अकरा दिवसांनी मोठ्या खंडपीठाने तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, मात्र रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडू नयेत, असं ठरलं. ७ नोव्हेंबरला पुन्हा नवा आदेश आला. शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस स्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातून कुत्री हटवावीत आणि तिथे परत सोडू नयेत.

दुसरीकडे मोठ्या शहरांत पाळीव कुत्र्यांचं स्वागत करणारी कॅफे आणि दुकानं वाढत आहेत. म्हणजे एकाच शहरात एक कुत्रा गाडीतून उतरून वातानुकूलित दुकानात जातो आणि दुसऱ्याला पालिकेची गाडी उचलून नेते.

या चर्चेत मुस्लिम मोहल्ला बहुतेक गप्प असतो. ‘कुत्रा नापाक आहे, विषय संपला’ असं आपल्यातले अनेक जण मानतात. बाहेरच्यांनीही ठरवून टाकलेलं असतं की मुसलमानांना कुत्र्यांचा तिटकारा असतो. इतिहास मात्र या दोन्ही समजुतींना फारसा आधार देत नाही.

गुहेतला आठवा

सुरुवात कुरआनपासून करू. सूरह कहफमध्ये जुलमी सत्तेपासून ईमान वाचवण्यासाठी गुहेत आसरा घेणाऱ्या तरुणांची कथा आहे. अल्लाहने त्यांना शेकडो वर्षं झोपवलं. त्यांच्यासोबत एक कुत्रा होता आणि तो पुढचे पाय पसरून गुहेच्या उंबरठ्यावर बसलेला होता, असं अठराव्या आयतीत येतं. बाविसाव्या आयतीत हे तरुण किती होते यावरून लोकांत झालेल्या वादाचा उल्लेख आहे. कुणी तीन म्हणतं, कुणी पाच, कुणी सात. प्रत्येक वेळी शेवटचा आकडा कुत्र्याचा असतो. खरी संख्या अल्लाहलाच ठाऊक, पण कुत्र्याला वगळून मोजणी होत नाही.

सूरह माइदाच्या चौथ्या आयतीने तर शिकवलेल्या शिकारी जनावरांनी धरलेली शिकार खाण्याची परवानगी दिली आहे. अल्लाहचं नाव घेऊन सोडलेल्या कुत्र्याच्या तोंडातून आलेलं सावज हलाल ठरतं.

हदीसमध्ये दोन्ही प्रकारची वचनं आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, कुत्र्याने तोंड लावलेलं भांडं सात वेळा धुवावं, या हदीस सर्वांना पाठ असतात. मदिनेत एका टप्प्यावर कुत्री मारण्याचा आदेश निघाला होता. पुढे तो बहुतांशी मागे घेतला गेला आणि शिकारी, गुरं राखणारी व शेताची राखण करणारी कुत्री पाळायला मुभा मिळाली.

पण त्याच बुखारी आणि मुस्लिम संग्रहांत तहानेल्या कुत्र्याला आपल्या पायतणात विहिरीचं पाणी काढून पाजणाऱ्या माणसाची कथाही आहे. दुसऱ्या एका कथनात ती बनी इस्राईलमधली एक वेश्या आहे. त्या एका कृतीवर दोघांचे गुनाह माफ झाले. बुखारीत हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (र.) यांचं आणखी एक कथन आहे, ज्याची चर्चा आपल्याकडे फार कमी होते. प्रेषितांच्या (स.) काळात कुत्री मशिदीत येत-जात असत आणि त्यासाठी लोक तिथे पाणीही शिंपडत नसत. मशीद-ए-नबवीला तेव्हा आजच्यासारखे दरवाजे आणि पहारे नव्हते. कुत्रं आलं आणि निघून गेलं, एवढंच.

चार मजहब, तीन उत्तरं

याच वचनांवरून फुकहांनी वेगवेगळे निष्कर्ष काढले. इमाम मालिक यांच्या मजहबमध्ये जिवंत कुत्रा पाक आहे. भांडं सात वेळा धुण्याचा हुकूम हा इबादतीचा भाग आहे, घाणीचा नाही, असं मालिकी फकीह मानतात. हनफी मजहबमध्ये लाळ नापाक मानली जाते, पण केसांचा नुसता स्पर्श झाल्याने कपडा नापाक होत नाही, हे प्रचलित मत आहे. शाफई आणि हंबली मजहब सर्वांत कडक. तिथे सगळा कुत्राच नजिस ठरतो. शाफई मतानुसार ओला स्पर्श झाला तर ती जागा सात वेळा धुवायची, त्यात एकदा मातीने.

महाराष्ट्रात हा फरक पुस्तकी नाही. मराठवाडा, विदर्भ आणि देशावरचे बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी आहेत, तर कोकणी मुसलमान शाफई. औरंगाबादच्या हनफी दुकानदाराला कुत्रा पायाला घासून गेला तर वुजू आणि कपडे शाबूत राहतात. रत्नागिरीच्या शाफई दुकानदाराकडे जुलै महिन्यात भिजलेला कुत्रा शिरला तर त्याला खरोखर मातीचा डबा शोधावा लागतो. म्हणून ‘इस्लाम काय म्हणतो’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणाऱ्याकडे जरा सावधपणे पाहावं.

इथे एक गल्लतही दूर करायला हवी. नापाक म्हणजे घृणास्पद नव्हे. माणसाच्या अंगातून वाहिलेलं रक्तही नापाक असतं, म्हणून जखमी माणसाचा कुणी तिरस्कार करत नाही. तहारत हा नमाजच्या तयारीचा नियम आहे. त्या नियमाच्या जोरावर जिवाला दगड मारण्याचा परवाना मिळत नाही.

अब्बासी काळातल्या विद्वानांना हे नीट कळत होतं. नवव्या शतकात बसऱ्याच्या जाहिजने प्राण्यांवरच्या आपल्या प्रचंड ग्रंथात कुत्रा श्रेष्ठ की कोंबडा, यावर पानंच्या पानं वाद रंगवला. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादच्या इब्न अल-मर्जुबानने एक अख्खं पुस्तक लिहिलं. कपडे घालून हिंडणाऱ्या अनेकांपेक्षा कुत्रे कसे श्रेष्ठ आहेत, हा त्याचा विषय आणि तेच त्याचं शीर्षक. मित्रांच्या बेइमानीला कंटाळलेल्या बगदादकरांना त्यातला टोमणा समजावून सांगावा लागला नसेल.

इस्तंबूलची गल्ली

ग्रंथांतून बाजारात उतरलो की चित्र आणखी स्पष्ट होतं. उस्मानी काळातल्या इस्तंबूलमध्ये प्रत्येक मोहल्ल्याची आपली कुत्री असत. ती घरात नेली जात नसत, पण गल्लीतून हाकललीही जात नसत. खरकटं आणि कचरा खाऊन ती रस्ता साफ ठेवत, रात्री अनोळखी माणसावर भुंकत. लोक त्यांच्यासाठी पाणी आणि भाकरी ठेवत. युरोपातून येणारे प्रवासी रस्त्याच्या मधोमध झोपलेली कुत्री आणि त्यांना वळसा घालून जाणारी माणसं पाहून चकित होत. १८६७ साली आलेल्या मार्क ट्वेननेही या कुत्र्यांवर लिहिलं आहे.

गुहेचा उंबरठा इथे मोहल्ल्याचा उंबरठा झाला होता. ही नुसती दया नव्हती, व्यवस्था होती. कुत्र्याला काम होतं, म्हणून जागा होती.

अमेरिकन इतिहासकार अ‍ॅलन मिखाईल यांनी उस्मानी इजिप्तच्या अभ्यासातून दाखवलं आहे की कैरोतही कुत्री शहराच्या कचऱ्याच्या व्यवस्थेचा भाग होती. एकोणिसाव्या शतकात मुहम्मद अलीच्या राजवटीत रोगराईविषयीच्या नव्या कल्पना आल्या, कचरा शहराबाहेर नेण्याच्या योजना आल्या, आणि कुत्र्याचं काम गेलं. काम गेल्यावर तो नकोसा झाला. कुत्र्यांना नापाक ठरवणारे मजहब त्याआधी हजार वर्षं अस्तित्वात होते. शहरातून हुसकावण्याची मोहीम मात्र आधुनिक राज्यकर्त्यांनी चालवली.

इस्तंबूलमध्ये हे १९१० साली घडलं. सत्तेवर तरुण तुर्क होते. राजधानी पॅरिससारखी दिसावी ही त्यांची आस होती. हजारो कुत्री पकडून मारमारा समुद्रातल्या सिवरीआदा या निर्जन, खडकाळ बेटावर सोडण्यात आली. तिथे ना अन्न, ना पाणी. ती भुकेने आणि तहानेने मेली. त्यांचं विव्हळणं किनाऱ्यापर्यंत ऐकू येई, असं सांगितलं जातं. पुढे देशावर आलेल्या संकटांचा संबंध लोकांनी या पापाशी जोडला. आजही ते बेट ‘हायिरसिझ आदा’, म्हणजे बरकत नसलेलं बेट, या नावाने ओळखलं जातं. जुलै २०२४ मध्ये तुर्कस्तानच्या संसदेने भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा कायदा केला, तेव्हा विरोधकांना पहिली आठवण झाली ती याच बेटाची.

मुंबई, जून १८३२

आपल्या मुंबईचाही असाच एक अध्याय आहे. कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याचा नियम केला होता आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस ठेवलं होतं. १८३२ च्या उन्हाळ्यात मोहिमेची मुदत वाढवली गेली. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घरांच्या दारातली, मालकांची कुत्रीही मारू लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान आहे. मृतदेहाला कुत्र्याची नजर घडवणं, म्हणजे सगदीद, हा त्यांच्या अंत्यविधीचा भाग आहे. ६ जूनला, पारशांच्या पवित्र दिवशी, फोर्ट भागात जमावाने शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. या बंदमध्ये पारशांबरोबर हिंदू, जैन आणि काही मुसलमानही होते. कुलाब्याच्या छावणीचा रसद-पुरवठा अडला, लष्कर बोलवावं लागलं.

पुढे जमशेटजी जीजीभॉय यांनी मध्यस्थी केली. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याचा तोडगा निघाला. १८३४ मध्ये जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. कुत्र्यांना नापाक मानणाऱ्या समाजातले काही लोक त्यांना पवित्र मानणाऱ्या शेजाऱ्यांसाठी दुकान बंद ठेवतात, ही गोष्ट मला या दंगलीतली सर्वांत मोलाची वाटते. त्यांनी आपलं मत बदललं नव्हतं. शेजाऱ्याच्या दारात शिरणारा शिपाई उद्या आपल्याही दारात शिरेल, हे त्यांना कळत होतं.

पाटी कुणासाठी?

प्रवेशाचा इतिहास कुत्र्यापाशी थांबत नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जनावरं पाणी पिऊ शकत होती, माणसं नाही. २० मार्चला बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्यायलं ते हा हिशेब उलटवण्यासाठी. १९३२ मध्ये प्रीतिलता वड्डेदार यांनी चितगावच्या ज्या युरोपियन क्लबवर हल्ला केला, तिथे कुत्र्यांना आणि हिंदी माणसांना मज्जाव असल्याची पाटी होती, असं सांगितलं जातं.

आज काही सोसायट्यांत कुत्रा पाळायला हरकत नसते, पण भाडेकरूचं नाव ऐकल्यावर फ्लॅट ‘नुकताच गेलेला’ असतो. हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला आहे. त्याची चीड येणं स्वाभाविक आहे. पण ती चीड कुत्र्यावर काढणं म्हणजे चुकीच्या माणसाला, खरं तर माणूसच नसलेल्याला, जाब विचारणं. दार लावणारा कुत्रा नव्हता. कुत्र्यालाही बाहेर काढल्याने आपल्याला घर मिळणार नाही.

मग दुकानात येऊ द्यावं का?

माझं मत सांगतो. खाटकाचं दुकान, भटारखाना, रुग्णालय इथे कुत्रा नको, हे स्वच्छतेचं साधं तत्त्व आहे आणि त्यासाठी धर्म मध्ये आणायची गरज नाही. इतर दुकानांत मालकाने ठरवावं, पण दारावर स्पष्ट लिहावं. म्हणजे नमाजला जाणारा शाफई ग्राहक, कुत्र्याला घाबरणारं मूल किंवा अ‍ॅलर्जी असलेली बाई आधीच विचार करू शकेल. ज्याचा कुत्रा, त्याची जबाबदारी. पट्टा हातात हवा आणि लसीकरण झालेलं हवं. रेबीज झालेला माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. देशात २०२४ या एका वर्षात कुत्रे चावल्याच्या सुमारे ३७ लाख घटनांची सरकारी नोंद झाली. चावे बसतात ते बहुतेक पायी चालणाऱ्यांना, गाडीतून फिरणाऱ्यांना नाही. त्यांची भीती खरी आहे.

एका कुत्र्यासाठी मात्र दार उघडंच असलं पाहिजे. अंध माणसाला वाट दाखवणाऱ्या कुत्र्यासाठी. ब्रिटनमध्ये काही मुस्लिम टॅक्सीचालकांनी धर्माचं कारण देत अशा कुत्र्यांना गाडीत घ्यायला नकार दिला आणि कायद्याने त्यांना दंड झाला. त्याच देशात, २००८ साली, लेस्टरमधल्या एका अंध मुस्लिम विद्यार्थ्याचा प्रश्न उलेमांपुढे गेला. त्यांनी फतवा दिला की त्याचा कुत्रा मशिदीपर्यंत येऊ शकतो. नमाजच्या जागेत नाही, पण प्रवेशद्वारापाशी त्याच्या बसण्याची सोय झाली. नमाज होईपर्यंत तो तिथे थांबायचा.

शिकारी कुत्र्याला सवलत मिळाली ती गरजेपोटी. अंधाची गरज शिकाऱ्यापेक्षा लहान नाही, हे त्या उलेमांनी ओळखलं. आपल्या शहरात उद्या असा कुणी काठीऐवजी कुत्रा घेऊन जुमाला आला, तर आपल्या मशिदीच्या ट्रस्टींकडे काय उत्तर असेल? जोडे ठेवायच्या फळीशेजारी चार फूट जागा काढणं अवघड नाही. पुढच्या बैठकीत हा विषय काढून पाहा.