काल्हेरचे पाणी: उल्हास खोऱ्यातील धरणे, भरती आणि पुराचे गणित

भिवंडी तालुक्यातील काल्हेर हे गाव उल्हास नदीच्या अशा टप्प्यावर वसले आहे, जिथे नदी कोठे संपते आणि खाडी कोठे सुरू होते हे तिथीनुसार आणि ऋतूनुसार बदलत राहते. राजमाचीच्या डोंगरात उगम पावून कर्जत, बदलापूर आणि कल्याणमार्गे सुमारे 122 किलोमीटर वाहणाऱ्या या नदीला कल्याणच्या वरच्या अंगाला भातसेचे पाणी घेऊन आलेली काळू मिळते. पुढे कशेळी-काल्हेरच्या परिसरात तिचा एक फाटा ठाण्याच्या खाडीकडे वळतो आणि मुख्य प्रवाह वसईच्या खाडीतून समुद्रास मिळतो. त्यामुळे खोऱ्यात वरती कोणी पाणी अडवले किंवा सोडले, तर त्याचा परिणाम अखेर याच काठावर भरतीच्या पाण्याशी भिडतो.

धरणांच्या कितीतरी आधीपासून ठाणे जिल्ह्याच्या खाडीकाठी पाण्याचे नियमन होत होते. खाजणाभोवती मातीचे बांध घालून भातखाचरे राखली जात आणि बांधात उघाडी, म्हणजे झडप असलेली मोरी, बसवली जाई. ओहोटीला आतले पावसाचे पाणी ती बाहेर सोडी आणि भरतीच्या दाबाने मिटून खारे पाणी रोखी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचे उधाण म्हणजे मोठी भरती आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग म्हणजे लहान भरती, या चक्राचे नेमके ज्ञान आगरी-कोळी वस्त्यांना होते. साठा किती, बाहेरची पातळी किती आणि दार केव्हा उघडायचे, हे आजच्या जलाशय-परिचालनाचे तिन्ही प्रश्न या व्यवस्थेने आपल्या आकारमानात सोडवले होते, आणि अभियांत्रिकीच्या इतिहासात तिची नोंद व्हायलाच हवी.

खोऱ्यातील पाण्याचा क्रम बदलण्यास 1922 मध्ये सुरुवात झाली. टाटांनी आंध्रा नदीवर ठोकरवाडी येथे धरण बांधून, एरवी इंद्रायणी-भीमेतून बंगालच्या उपसागराकडे जाणारे पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेस वळवले, आणि भिवपुरी वीजगृहातून सोडलेले हे पाणी उल्हासच्या खोऱ्यात येऊ लागल्याने उन्हाळ्यात रोडावणाऱ्या नदीला बारमाही आधार मिळाला. पुढे औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण झाले. उंची वाढवल्यानंतर त्याची क्षमता सुमारे 340 दशलक्ष घनमीटर झाली आहे आणि ठरावीक पातळी गाठताच त्याचे दरवाजे आपोआप उघडतात. शहापूरजवळचे भातसा धरण या सर्वांत मोठे असून त्याचा उपयुक्त साठा सुमारे 942 दशलक्ष घनमीटर आहे. त्यातून सोडलेले पाणी नदीपात्रानेच भिवंडी तालुक्यातील पिसे बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून मुंबईसाठी उचलले जाते. वीज, उद्योग, सिंचन आणि पिण्याचे पाणी यांसाठी ही धरणे उभी राहिली. पुरासाठी मोकळी जागा राखणे हा त्यांतील एकाचाही मुख्य हेतू नव्हता.

धरणाचा पुरावर होणारा परिणाम मोजण्याचे गणित एका साध्या हिशेबावर उभे आहे: ठरावीक काळातील आवक वजा विसर्ग म्हणजे साठ्यातील बदल. अमेरिकेत 1920 आणि 1930च्या दशकांत पुल्स यांची जलाशयासाठीची आणि मस्किंगम खोऱ्याच्या अभ्यासातून आलेली नदीपात्रासाठीची पद्धत यांनी या हिशेबाला रीतसर रूप दिले, आणि पुढे संगणकामुळे अनेक धरणे व नद्या एकाच प्रतिमानात, म्हणजे गणिती प्रतिरूपात, जोडता आल्या. अशा प्रतिमानावरून जलाशय परिचालन सूची ठरवता येते. जून ते ऑक्टोबर या काळात कोणत्या तारखेला पाणी कोणत्या पातळीपर्यंत भरू द्यायचे, हे ती सूची सांगते. धरण रिकामे असताना आलेला पुराचा उंच लोंढा साठ्यात पसरून कमी उंचीचा आणि जास्त वेळ चालणारा होतो. ऑगस्टअखेरीस ते काठोकाठ असेल, तर हा लाभ फारच थोडा उरतो आणि आवक जवळजवळ तशीच सांडव्यावरून खाली जाते. पाणीपुरवठ्याला भरलेले धरण हवे आणि पूरनियंत्रणाला रिकामे, हा विरोध मुंबईची तहान भागवणाऱ्या भातशाच्या बाबतीत सर्वांत तीव्र आहे.

काल्हेरसाठी मात्र एवढे गणित अपुरे पडते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दुपारी मुंबईच्या किनाऱ्यावर सुमारे साडेचार मीटरची भरती होती, आणि बदलापूर-कल्याणच्या सखल भागांत पाणी शिरले. जुलै 2019 मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्याने वेढली गेली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. तो पूर मुख्य उल्हासचा होता, आणि त्या प्रवाहावर पूर अडवणारे मोठे धरणच नाही. भातसा आणि बारवी आपापल्या पाणलोटापुरतेच पाणी थोपवू शकतात. त्यांच्या खाली पडलेल्या पावसावर कोणत्याही दरवाजाची सत्ता चालत नाही.

म्हणून या खोऱ्याच्या प्रतिमानाची खालची सीमा कल्याणला न थांबवता खाडीच्या मुखापर्यंत नेली पाहिजे आणि तेथे भरतीची पातळी तासातासाने बदलती धरली पाहिजे. भरतीचे कोष्टक वर्षभर आधी छापून मिळते, आणि इतकी भरवशाची माहिती या हिशेबात दुसरी नाही. विसर्गाचा लोंढा उधाणाच्या माथ्यावर काल्हेरला पोहोचू नये, एवढे नियोजन तिच्या आधारे करता येते. याउलट पात्राची मापे सतत बदलत आहेत. काल्हेरच्या रेती बंदरातून वर्षानुवर्षे झालेल्या उपशाने तळ ठिकठिकाणी खोल झाला, तर काठच्या खाचरांवर आणि खाजणांवर भराव पडून गोदामे उभी राहिली आणि पूर पसरण्याची जागा आक्रसली. खोल झालेले पात्र ओहोटीला पाणी लवकर वाहून नेते, पण भरतीलाही तितकेच आत येऊ देते, त्यामुळे जुन्या आडव्या छेदांवर बेतलेले कोणतेही प्रतिमान इथे चुकीची पातळी सांगेल. कशेळीपासून कल्याणपर्यंतच्या पात्राची आणि भरावाखाली गेलेल्या जमिनीची नव्याने मोजणी हे धरणांच्या परिचालनाइतकेच निकडीचे काम आहे.