वाईचे घाट : कृष्णाकाठच्या एका गावाची घडण

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावलेली कृष्णा नदी पूर्वेकडे उतरू लागते तेव्हा उत्तरेला पांडवगड व केंजळगड आणि दक्षिणेला पाचगणीचे सपाट माथे यांच्यामधील अरुंद खोऱ्यातून तिला वाट काढावी लागते. हे खोरे जेथे रुंदावू लागते आणि काळ्या कसदार जमिनीचा पट्टा सुरू होतो, त्या ठिकाणी, समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर, वाई वसलेली आहे. सातारा जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव २०११च्या जनगणनेच्या वेळी सुमारे छत्तीस हजार वस्तीचे होते, म्हणजे आकाराने ते लहानच. तथापि मराठ्यांच्या इतिहासात आणि मराठी विद्याव्यवहारात त्याने मिळवलेले स्थान या आकाराशी मुळीच प्रमाणबद्ध नाही. हे स्थान नेमके कशामुळे मिळाले याचे उत्तर बहुधा ‘दक्षिण काशी’ या बिरुदाने दिले जाते आणि पांडवांच्या अज्ञातवासातील विराटनगरी ती हीच, असेही सांगितले जाते. पांडवगड, वैराटगड ही जवळच्या किल्ल्यांची नावे या समजुतीला पोषक असली, तरी महाभारतातील विराटाचा मत्स्यदेश राजस्थानातील बैराटच्या परिसरात होता असे सामान्यतः मानले जाते. वाईचे पौराणिक प्राचीनत्व हा त्यामुळे श्रद्धेचा भाग ठरतो. इतिहासाला हाताशी धरता येईल असा वस्तीचा जुना पुरावा गावाच्या उत्तरेस लोहारे गावाजवळ आहे. तेथील पालपेश्वराची लेणी मूळची बौद्ध असून, सह्याद्रीच्या घाटवाटांजवळ बौद्ध लेणी कोरली जाण्याचा जो क्रम जुन्नर, कार्ले, कऱ्हाड येथे दिसतो, त्यातच तीही बसतात.

घाटवाटेचा हा संदर्भ वाईच्या पूर्वेतिहासाची किल्लीच आहे. कोकणात सावित्री नदीवरील महाड बंदरातून निघालेला माल पार घाटाने जावळीच्या जंगलातून वर चढे आणि महाबळेश्वरचा डोंगर ओलांडून वाईच्या खोऱ्यात उतरे. कोकणातून मीठ वर यावे आणि देशावरचे धान्य खाली जावे, असा हा बैलांच्या पाठीवरचा व्यापार होता. या वाटेच्या वरच्या तोंडाशी असल्यामुळे आदिलशाहीत वाई हे सुभ्याचे म्हणजे प्रांताधिकाऱ्याचे ठाणे झाले. १६४९पासून हा सुभा अफजलखानाकडे होता, आणि शिवाजी महाराजांवरील मोहिमेत १६५९ साली त्याने वाईसच तळ दिला, यामागे मुलूख त्याच्या परिचयाचा होता हे एक उघड कारण आहे. त्याचा वकील कृष्णाजी भास्कर येथूनच प्रतापगडाकडे गेला. पुढे खानाची फौज रडतोंडीच्या घाटाने पार गावाकडे उतरली आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी खान मारला गेल्यानंतर लगोलग वाई महाराजांच्या ताब्यात आली. १६८७ साली सर्जाखानाशी वाईजवळ झालेल्या लढाईत सेनापती हंबीरराव मोहिते तोफेचा गोळा लागून पडले. या साऱ्या काळात वाई हे लष्करी मोक्याचे ठाणे आणि बाजाराचे गाव होते. आज दिसणारी घाट आणि देवळांची वाई त्या वेळी अस्तित्वात नव्हती.

ती घडली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तीही चाळीसएक वर्षांच्या आत. रास्ते घराण्यातील भिकाजी नाईक यांची कन्या गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांना दिली गेली, तेव्हापासून या मूळच्या गोखले आडनावाच्या सावकारी घराण्याला पेशव्यांच्या सरदारांत स्थान मिळाले. विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव हे गोपिकाबाईंचे पुत्र, म्हणजे वाई हे दोन पेशव्यांचे आजोळ ठरले. सावकारीचा पैसा, सरंजामाचे उत्पन्न आणि दरबारातील नाते या तिन्हींचा संयोग झाला की अठराव्या शतकातील घराणी देवळे, वाडे आणि घाट बांधू लागत, आणि रास्त्यांनी ते अगदी सढळ हाताने केले. आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ साली काशीविश्वेश्वराचे मंदिर बांधले, गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली गणपतीचे, आणि १७७८ साली महालक्ष्मीचे मंदिर उभे राहिले. यांतील मधले वर्ष लक्षात घेण्याजोगे आहे. पानिपतावर विश्वासराव पडले आणि मराठी राज्याला जबर धक्का बसला त्यास जेमतेम वर्ष लोटले होते, पण ज्या घराण्याचा नातू त्या रणात गेला, त्याच घराण्याच्या गावात नदीच्या पात्रालगत एक भव्य देऊळ पूर्ण होत होते. राज्याच्या राजकीय आपत्ती आणि सरदारांची आर्थिक कुवत यांचा वेग एकच असतो असे मानण्याचे कारण नाही.

गणपतीचे हे मंदिर ‘ढोल्या गणपती’ या नावाने ओळखले जाते, कारण एकाच काळ्या पाषाणात घडवलेली आतली मूर्ती अवाढव्य आणि तुंदिलतनू आहे. कलेच्या दृष्टीने मूर्ती महत्त्वाची असेलही, परंतु बांधणाऱ्यांची खरी कसोटी लागली ती देवळाच्या पाठीशी. मंदिर नदीच्या इतके निकट आहे की पावसाळ्यात महाबळेश्वरावर कोसळणारे पाणी घेऊन येणारा लोंढा थेट त्यावर आदळतो. सपाट भिंत असती तर पाण्याचा सारा जोर तिने आडवा झेलला असता आणि पायाशी भोवरे निर्माण होऊन दगड उखडले असते. म्हणून गाभाऱ्याची मागील भिंत मत्स्याकार, म्हणजे माशाच्या तोंडाप्रमाणे निमुळती होत जाणारी केली आहे. टोकदार कडेवर आपटताच प्रवाह दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. पुलाच्या खांबांना प्रवाहाच्या बाजूने जे टोक काढतात, त्याचेच हे देवळाला लावलेले रूप होय. पेशवाईतील वास्तुकलेवर लिहिताना नक्षीकाम आणि शिखरे यांकडे लक्ष पुरवले जाते, पण पाण्याचा स्वभाव ओळखून केलेली ही एक भिंत त्या काळच्या पाथरवटांच्या आणि गवंड्यांच्या ज्ञानाबद्दल पुष्कळ अधिक सांगते. देवळांच्या इतिहासात दात्यांची नावे टिकली, या कारागिरांची टिकली नाहीत.

घाट म्हणजे काठापासून पाण्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांची बांधीव रचना. वाईत असे सात घाट परंपरेने मोजले जातात: भीमकुंड आळी, धर्मपुरी, गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, रामडोह आणि ब्राह्मणशाही. यांतील बहुतेक नावे घाटांची असून त्याचबरोबर वस्तीचीही आहेत, आणि वाईच्या सामाजिक रचनेचे मर्म तेथेच आहे. आळी म्हणजे एका रस्त्याच्या दोन्ही अंगांना वसलेली, एकमेकांना ओळखणाऱ्या घरांची वस्ती. वाईच्या आळ्या नदीकडे तोंड करून उतरतात आणि प्रत्येकीचा शेवट तिच्या स्वतःच्या घाटावर होतो. नाशिक किंवा पंढरपूर येथे घाट प्रामुख्याने यात्रेकरूंसाठी आहेत. वाईचे घाट, कन्यागताच्या पर्वाचा अपवाद सोडला तर, मुख्यतः त्या त्या आळीच्या रोजच्या वापरासाठी राहिले. सकाळचे स्नान-संध्या, धुणे, पिण्याच्या पाण्याच्या घागरी, श्राद्धकर्मे आणि सायंकाळची बैठक हे सर्व त्याच पायऱ्यांवर, वेळा आणि जागा सांभाळून, चाले. कन्यागत म्हणजे गुरू हा ग्रह कन्या राशीत येण्याचा, सुमारे बारा वर्षांनी येणारा काळ. त्या वर्षी गंगा कृष्णेच्या भेटीला येते अशी श्रद्धा असून शेवटचे कन्यागत २०१६ साली सुरू झाले. अर्थात ‘आळीचा घाट’ हा शब्दप्रयोग जितका आपलेपणाचा, तितकाच तो वगळणाराही होता. घाटांलगतची वस्ती मुख्यतः ब्राह्मणांची होती, आणि जातिव्यवस्थेने ज्यांना पाण्यापासून दूर ठेवले त्यांना या पायऱ्यांवर स्थान नव्हते. नदी एकच असली तरी तिच्या काठाची वाटणी झालेली होती.

या वाटणीचे उत्सवरूप म्हणजे कृष्णाबाईचा उत्सव. नदीलाच देवी मानून माघ-फाल्गुनाच्या सुमारास प्रत्येक घाटावर, ठरलेल्या क्रमाने, मांडव घालून कृष्णाबाईची मूर्ती बसवली जाते. पूजा, कीर्तन, सुवासिनींकडून ओटी भरणे आणि प्रसादाची पंगत असा कार्यक्रम एका आळीत आटोपला की पुढच्या आळीची पाळी येते. अफजलखानाच्या स्वारीचे संकट टळावे म्हणून केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, अशी परंपरा सांगितली जाते. मूळ काहीही असो, उत्सवाची रचना पाहता त्यामागे एक व्यवहारी शहाणपण दिसते. एकाच दिवशी, एकाच मध्यवर्ती देवळात सर्व गावाचा उत्सव भरला असता तर मानपानाचे आणि खर्चाचे तंटे अटळ होते. पाळीने फिरणाऱ्या उत्सवात प्रत्येक आळी काही दिवस यजमान आणि उरलेले दिवस पाहुणी असते, शिवाय आपला घाट झाडून-धुऊन डागडुजी करण्याची जबाबदारी तिच्यावर आपोआप येऊन पडते. रास्त्यांचे वैभव ओसरल्यानंतरही घाट टिकले, यात या पाळीचा वाटा मोठा असावा.

वाईहून नदीच्या वरच्या अंगाला सुमारे तीन किलोमीटरवर असलेले मेणवली हे याच बांधकामपर्वाचे दुसरे केंद्र होय. भवानराव त्र्यंबक प्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी १७६८ साली हे गाव नाना फडणविसांना दिले. नानांनी तेथे वाडा, चंद्रकोरीच्या आकाराचा घाट आणि मेणेश्वराचे व विष्णूचे अशी देवळे बांधली. मेणेश्वराजवळ टांगलेली पंचधातूची प्रचंड घंटा मात्र कोणत्याही हिंदू कारागिराने ओतलेली नाही. चिमाजी आप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली तेव्हा तेथील चर्चच्या घंटा लुटीत आल्या आणि त्या निरनिराळ्या देवस्थानांना वाटण्यात आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील आणि भीमाशंकरची घंटा याच लुटीतील मानली जाते. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हा आकडा आणि बाल येशूसह मेरीची आकृती आजही स्पष्ट दिसते. विजयचिन्ह म्हणून आणलेल्या वस्तूवरील परधर्मीय आकृती घासून काढण्याची गरज कोणाला वाटली नाही, हे त्या काळच्या धर्मभावनेविषयी विचार करायला लावणारे आहे. नानांच्या मृत्यूनंतर (१८००) त्यांच्या पत्नी जिऊबाई यांचे वास्तव्य पुढे येथेच राहिले, आणि त्यामुळेच नानांचे खासगी कागद, म्हणजे ‘मेणवली दप्तर’, वाड्यात सुरक्षित राहिले. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी ते मिळवून साताऱ्याच्या आपल्या संग्रहात आणले आणि १९३९ साली तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला.

१८१८ साली पेशवाई संपली, १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले, आणि दगड घडवणारा पैसा आटला. महाबळेश्वर हे इंग्रजांचे हवा खाण्याचे ठिकाण झाल्यावर, आणि पुढे वाठार स्टेशनापर्यंत रेल्वे आल्यावर, डोंगरावर जाणारे साहेब वाईवरून पसरणीचा घाट चढू लागले. गावाला त्यातून वाटसरूंची कमाई मिळाली, परंतु प्रतिष्ठा वर पठारावर गेली. अशा वेळी बहुतेक सरंजामी गावे पडक्या वाड्यांची होऊन राहिली. वाईचे तसे झाले नाही, कारण देवळांबरोबर वसवलेले शास्त्री-पंडित आणि त्यांच्या घरांतील कागद मागे उरले होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, त्यातील पानिपत-पर्वाच्या पत्रांचा साठा वाईत मिळालेला होता. त्याआधीच्या वर्षी येथील ‘मोदवृत्त’ या पत्रावर राजद्रोहाचा खटला झाला होता, म्हणजे जुन्या विद्येचे हे गाव नव्या राजकारणापासूनही अलिप्त नव्हते.

नारायणशास्त्री मराठे, संन्यासानंतरचे केवलानंद सरस्वती (१८७७–१९५५), यांनी वाईत चालवलेल्या प्राज्ञपाठशाळेत तर परंपरेने आपल्याच हाताने स्वतःची उलटतपासणी केली. विनोबा भावे १९१७च्या सुमारास काही काळ येथे शिकले. लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–१९९४) येथेच घडले आणि कलकत्त्याची ‘तर्कतीर्थ’ ही पदवी घेऊन येथेच परतले. अस्पृश्यतेला शास्त्राधार नाही हे दाखवण्यासाठी १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना त्यांनी साहाय्य केले आणि पुढील वर्षी देवदास गांधी व लक्ष्मी यांच्या आंतरजातीय विवाहाचे पौरोहित्यही केले. ज्या काठावर पायऱ्यांची जातवार वाटणी होती, तेथेच शिकलेल्या पंडिताने हे करावे, याला केवळ योगायोग म्हणता येणार नाही: संहिता आणि टीका मुळातून वाचण्याची सवय ज्या पाठशाळेने लावली, तिने रूढीला शास्त्र समजण्याची सवय मोडली. धर्मशास्त्रातील वचने विषयवार लावणारा ‘धर्मकोश’ येथे सिद्ध होऊ लागला, आणि तर्कतीर्थांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे कार्यालयही मुंबई-पुण्याऐवजी वाईस राहिले. त्याचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला.

त्याच दशकात वाईपासून काही किलोमीटर वर, धोम येथे, कृष्णेवर धरण झाले. सुमारे साडेतेरा अब्ज घनफूट पाणी अडवणाऱ्या या धरणाच्या कालव्यांनी खालच्या शेतीचे रूप पालटले. हळदीसाठी नावाजलेल्या या तालुक्यात उसाचे क्षेत्र वाढले. घाटांच्या दृष्टीने बदल निराळाच आहे. पूर्वी पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात डोहांपुरते पाणी हा क्रम महाबळेश्वरच्या पावसावर ठरे, आता तो पाटबंधारे खात्याच्या आवर्तनांवर, म्हणजे कालव्यांत आणि नदीत पाणी सोडण्याच्या वेळापत्रकावर, ठरतो. अतिवृष्टीच्या वर्षी धरणाचे दरवाजे उघडावे लागतात तेव्हा गणपतीच्या मागच्या भिंतीला आजही पाणी लागते, आणि कृष्णाबाईच्या उत्सवाच्या दिवसांत पायऱ्यांशी पाणी किती राहील हे मात्र धोमच्या नियंत्रण कक्षात ठरते.