संगणक, जुना : घरगुती दुरुस्ती व नूतनीकरण (जालना जिल्हा)

घरात, मोंढ्यावरील आडतीच्या दुकानात किंवा एखाद्या लहानशा कचेरीत अनेक वर्षे राबलेल्या संगणकाचा बिघाड ओळखणे, त्याचे निकामी झालेले भाग बदलणे आणि जे भाग अद्याप शाबूत आहेत त्यांना नव्या भागांची जोड देऊन त्याचे उपयुक्त आयुष्य वाढविणे, या तीन क्रियांचा समावेश प्रस्तुत विषयात होतो. ‘जुना’ हे विशेषण येथे वयावरून ठरत नाही, ते बाजारावरून ठरते. ज्या संगणकाच्या मदरबोर्डाला चालणारी रॅम आणि प्रोसेसर नव्या मालात मिळेनासे झाले आणि ज्याच्या कार्यप्रणालीला निर्मात्याकडून सुरक्षाविषयक सुधारणा मिळण्याची मुदत संपली, तो संगणक, मग तो आठ वर्षांचा असो की अठरा, जुना समजावा. यंत्राचे नाव संस्कृतातून घडविलेले आणि त्याच्यावरील उपचाराचे, म्हणजे ‘दुरुस्ती’चे, नाव फारसीतून आलेले, हा योग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या या मुलखाला शोभणाराच आहे. लोकव्यवहारात मात्र संपूर्ण लोखंडी पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणतात, आणि दुकानदाराशी बोलताना तोच शब्द वापरणे सोयीचे पडते.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांतील तालुके वेगळे काढून निर्माण झाला, आणि ज्याच्या रचनेचा वारसा आजचे बहुतेक घरगुती संगणक सांगतात तो आयबीएम कंपनीचा ‘पर्सनल कॉम्प्युटर’ त्याच वर्षी १२ ऑगस्टला जाहीर झाला. म्हणजे जिल्हा आणि हे यंत्र समवयस्क होत. परंतु अंबड, परतूर, भोकरदन यांसारख्या तालुक्यांच्या गावी संगणक सामान्य माणसाच्या हाताला लागण्यास पुढील दोन दशके जावी लागली. २००१ मध्ये सुरू झालेला एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आणि सरकारी नोकरीसाठी त्याच्या प्रमाणपत्राला मिळालेली मान्यता, यांनी त्या प्रसाराला मोठी गती दिली. त्या काळात घेतलेले संगणक बहुधा सुटे भाग जुळवून तयार केलेले, म्हणजे ‘असेम्बल्ड’, असत, आणि ही गोष्ट दुरुस्तीच्या दृष्टीने उपकारक ठरली. कारण १९९५ साली प्रसृत झालेल्या एटीएक्स या मानकामुळे एका कंपनीचा वीजपुरवठा-संच दुसऱ्या कंपनीच्या बोर्डाला आणि कोणताही बोर्ड तिसऱ्याच कंपनीच्या पेटीला सहसा बिनतक्रार बसतो. साध्या फुलीच्या पेचकसाने उघडता येणारे आणि आतील प्रत्येक भाग स्वतंत्रपणे काढता येणारे असे यंत्र पुन्हा सामान्य गृहस्थाच्या वाट्याला येईल, असे आजच्या लॅपटॉपांची घडण पाहता वाटत नाही.

बिघाडाचा शोध घेताना वीज, धूळ, सांधे आणि मग भाग हा क्रम पाळावा. प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत असे आहे की या जिल्ह्यात ‘बोर्ड गेला’ म्हणून अडगळीत टाकलेल्या संगणकांपैकी पुष्कळांचा बोर्ड गेलेला नसतो. त्यांना वीज नीट पोहोचत नसते, किंवा धुळीने त्यांचा श्वास कोंडलेला असतो. क्रम न पाळता पहिल्याच दिवशी नवा भाग विकत आणणाऱ्याचे पैसे जातात आणि बिघाड जागच्या जागी राहतो.

विजेचा विचार प्रथम करण्याचे कारण स्थानिक आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने मराठवाड्यातील गावे दिवसातले कित्येक तास अंधारात असत, आणि वीज परत येण्याच्या क्षणी उसळणारा दाब हा एसएमपीएस या वीजपुरवठा-संचाच्या मुळावर येई. भारनियमन ओसरले तरी कृषिपंपांच्या भाराबरोबर खालीवर होणारा दाब गावोगावी परिचयाचा आहे. एसएमपीएस तपासण्यास साधा मल्टिमीटर पुरतो. संगणक चालू असताना मल्टिमीटरचे काळे टोक काळ्या तारेवर आणि तांबडे टोक अनुक्रमे पिवळ्या, लाल व नारिंगी तारेवर टेकविले असता १२, ५ व ३.३ व्होल्ट दिसावयास हवेत. पाच टक्क्यांपर्यंतचा फरक क्षम्य आहे. म्हणजे पिवळ्या तारेवर ११.४ हून कमी दाब दिसला तर त्या संचावर विश्वास ठेवू नये. संगणक मुळीच चालू होत नसेल, तर बोर्डाला जोडलेला मोठा प्लग काढून त्यातील हिरवी तार कोणत्याही काळ्या तारेशी तारेच्या तुकड्याने जोडावी. पंखा फिरला नाही तर संच मेला, असा निर्णय देता येतो. पंखा फिरला म्हणजे संच निर्दोष, असा उलट निष्कर्ष मात्र काढू नये; भार पडल्यावर कोलमडणारे संच पुष्कळ असतात. एसएमपीएसची पेटी घरी कधीही उघडू नये. आतील मोठ्या कपॅसिटरांत सुमारे ३२५ व्होल्टांचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहू शकतो.

याला लागूनच जमिनीचा, म्हणजे अर्थिंगचा, प्रश्न येतो, आणि त्याकडे जितके दुर्लक्ष होते तितके अन्य कशाकडेही होत नसेल. ‘कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात’ ही तक्रार जुन्या घरांतून वारंवार ऐकू येते. तिचे कारण असे, की एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या गाळणीतील दोन लहान कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोहोंमधून पेटीच्या पत्र्याला जोडलेले असतात. तिसऱ्या तारेने जमिनीचा मार्ग मोकळा असेल तर त्यांतून येणारा किंचित प्रवाह तेथे निघून जातो, नसेल तर पत्र्यावर मूळ दाबाच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टांच्या आसपासचा, दाब उभा राहतो. प्रवाह अत्यल्प असल्याने माणसाला सहसा अपाय होत नाही, परंतु चालू यंत्राला प्रिंटर किंवा मॉनिटर जोडताना पोर्ट जळण्याचे हे एक खरे कारण आहे. अर्थिंगचा खड्डा असूनही झिणझिण्या येत असतील तर दोष बहुधा कोरड्या मातीत सापडतो. येथील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि २०१२-१३ सारख्या दुष्काळी सालात तर ती खोलवर सुकते. सुकलेली माती विजेला वाट देत नाही. म्हणूनच मीठ व कोळसा घालून भरलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी ओतण्याचा जुन्या वायरमनांचा प्रघात शास्त्रशुद्ध आहे. ज्या वर्षी पिण्याच्या पाण्याचीच मारामार असते त्या वर्षी ते अंगावर येते, हे खरे. अशा वेळी धुण्याचे सांडपाणी त्या कामी लावावे. अर्थिंगची मूळ जोडणी तपासण्याचे काम जाणत्या वायरमनाचेच आहे.

धूळ आणि उष्णता यांचा मामला एकच आहे. जिनिंगचा हंगाम, भट्ट्या व रोलिंग मिल यांचा परिसर, आणि उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारे तापमान, यांमुळे येथील संगणकाच्या पंख्याखाली वर्षभरात कापसाच्या तंतूंसह धुळीचा नमद्यासारखा थर जमतो. तो वरून दिसत नाही. प्रोसेसरवरील पंखा सोडवून बाजूला केल्यावर खालच्या उष्णताशोषकाच्या पात्यांमध्ये तो सापडतो. संगणक दहापंधरा मिनिटे चालून आपोआप बंद पडत असेल तर प्रथम येथेच पाहावे. पेटी अंगणात न्यावी, ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे (अन्यथा तो भरधाव फिरून त्याचे बेअरिंग खराब होते), प्रोसेसरवरील वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट स्पिरिटच्या बोळ्याने पुसावी आणि मुगाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावावी. २००४ नंतरच्या इंटेलच्या ७७५ जातीच्या बोर्डांवर उष्णताशोषक चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांनी बसविलेला असतो. त्या समोरासमोरच्या जोडीने दाबून बसवाव्यात, कारण एक जरी खुंटी निसटली तरी शोषक कलंडतो आणि सारे श्रम वाया जातात. त्याच बोर्डांत सूक्ष्म टाचण्या प्रोसेसरला नसून खाचेत असतात. त्यांना बोट लागू देऊ नये, वाकलेली टाचणी सरळ करणे फार जिकिरीचे असते.

उष्णतेचा दुसरा बळी म्हणजे बोर्डावरील नळकांड्यासारखे कपॅसिटर. त्यांच्या आतील द्राव उष्णतेने हळूहळू उडून जातो, आणि तापमान दर १० अंशांनी उतरले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. यावरून मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली चालणाऱ्या संगणकाची अवस्था कळावी. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत जगभर सदोष कपॅसिटरांचा पुरवठा झाल्याने त्या काळातील असंख्य बोर्ड अकाली नादुरुस्त झाले. माथा फुगलेला किंवा तपकिरी द्राव पाझरलेला कपॅसिटर नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो, आणि टीव्ही व रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर तो बदलून देऊ शकतो. नवा घेताना मायक्रोफॅरॅडचा आकडा तोच, व्होल्टांचा तोच किंवा अधिक, आणि तापमानाची मर्यादा १०५ अंशांची असावी. शिवाय ऋण बाजूची पट्टी जुन्याप्रमाणेच बसली पाहिजे.

‘पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही’ ही सर्वांत सामान्य तक्रार होय, आणि तिचा सर्वांत स्वस्त इलाज खोडरबर हा आहे. प्लग काढून, चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून उरलेला प्रभार निघून जाऊ द्यावा, हात पेटीच्या पत्र्याला लावावा, मग रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवावे, कीस झटकून टाकावा आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या वाजेपर्यंत पट्टी परत दाबावी. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहावी. पहिला तास या कामी लागला तरी तो सार्थकी लागला असे समजावे.

संगणकाचे घड्याळ दररोज मागे जात असेल, तर बोर्डावरील सीआर२०३२ ही ३ व्होल्टांची चपटी बॅटरी संपली आहे. भिंतीवरील बटण बंद करून ठेवण्याची आपली सवय आणि वीज जाण्याचे तास यांमुळे येथे ती लवकर संपते, कारण भिंतीतून वीज मिळत असेपर्यंत घड्याळ एसएमपीएसवर चालते, एरवी त्याची सारी मदार तिच्यावर असते. तारीख चुकली की बँकांची व सरकारी कामांची संकेतस्थळे उघडेनाशी होतात, आणि माणसे इंटरनेटला दोष देत बसतात.

नूतनीकरणाचा निर्णय घेण्यापूर्वी आतील मजकुराची तजवीज लावणे हे पहिले कर्तव्य. यंत्र पुन्हा मिळते. दहा वर्षांचा आडतीचा हिशेब किंवा लग्नाची छायाचित्रे मिळत नाहीत. ‘फॉर्मॅट मारणे’ हा दुकानातील परवलीचा शब्द ऐकताच डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स ही दोन्ही सी ड्राइव्हवर असतात, हे स्मरावे. हार्डडिस्कमधून टकटक असा ठराविक आवाज येत असेल तर ती पुन्हापुन्हा चालू न करता मजकूर वाचविण्याचा प्रयत्न आधी करावा. मराठी अक्षरजुळणी करणाऱ्यांची अडचण आणखी निराळी आहे. युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळविलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन चिन्हांत दिसतो, आणि काही जुन्या प्रणालींची कुलुपे समांतर पोर्टात बसविलेल्या डोंगलवर अवलंबून असतात, जे पोर्ट नव्या यंत्रांना बहुधा नसतेच. असा संगणक टाकून देण्यापूर्वी त्यातील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. लहान गावांतील निमंत्रणपत्रिका, स्मरणिका आणि स्थानिक इतिहासाची टिपणे यांचा किती ठेवा अशा यंत्रांबरोबर भंगारात जात असेल, या विचाराने मन खरोखर अस्वस्थ होते.

प्रत्यक्ष सुधारणांपैकी सर्वाधिक फलदायी म्हणजे फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसविणे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यासच ८.३३ मिलिसेकंद लागतात, तर एसएसडीला हवा तो मजकूर शोधण्यास मिलिसेकंदाचा अल्प अंश पुरतो. म्हणून बोर्डावरील साटा जोडणी जुनी, निम्म्या वेगाची असली तरीही फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. त्यानंतर रॅम. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोहोंच्या पट्ट्यांना २४० दाते असले तरी त्यांची खाच भिन्न जागी आणि दाब भिन्न, अनुक्रमे १.८ व १.५ व्होल्ट, असतो. जुनी पट्टी काढून सोबत नेल्याशिवाय खरेदी करू नये. येथे पुष्कळ ठिकाणी आढळणाऱ्या जी३१ जातीच्या बोर्डावर ४ जीबीहून अधिक रॅम चालत नाही, आणि कार्यप्रणाली ३२ बिटांची असेल तर तीही पूर्ण वापरली जात नाही. प्रोसेसर बदलण्याचा खटाटोप, लेखकाच्या मते, क्वचितच खर्चाच्या तोलाचा ठरतो.

कार्यप्रणालीचा प्रश्न आता टाळता येत नाही. विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी, ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला जुनी यंत्रे अधिकृतपणे चालत नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्स घालणे हा समंजस मार्ग आहे. सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणाली भारतीय भाषांचा विचार करून घडविलेली आहे. मात्र यंत्र ३२ बिटांचेच असेल तर पर्याय झपाट्याने आटत आहेत. डेबियननेही २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून तशा यंत्रांवर नव्याने बसविण्याची सोय बंद केली. असे यंत्र इंटरनेटपासून तोडून हिशेब, टंकलेखन आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवरील पावत्या एवढ्यापुरते ठेवावे. त्या कामाला ते अजून पुष्कळ वर्षे पुरेल.

जे दुरुस्तीपलीकडे गेले त्याची विल्हेवाट लावताना भेद करावा. जालन्याच्या भट्ट्यांत लोखंडी भंगार वितळवून सळ्या बनविल्या जातात, तेव्हा पेटीचा पत्रा तेथे गेला तर योग्य जागीच गेला. परंतु बोर्ड, यूपीएसमधील शिसे-आम्लाची बॅटरी आणि शिसेयुक्त काचेची जुनी फुगीर मॉनिटरची नळी ही त्या वाटेने जाऊ देऊ नयेत. त्यांसाठी १ मे २०१२ पासून देशात ई-कचऱ्याचे, आणि बॅटऱ्यांसाठी स्वतंत्र, नियम लागू आहेत, व असा माल अधिकृत पुनर्वापरकर्त्याकडेच द्यावयाचा असतो. हार्डडिस्क मात्र कोणालाही देण्यापूर्वी काढून घरी ठेवावी.