कवंदीचे चार कोपरे



सिद्दी म्हटलं की आपल्या मराठी माणसाला दोनच गोष्टी आठवतात. एक जंजिरा आणि दुसरा मलिक अंबर. जंजिरा शेवटपर्यंत स्वराज्यात आला नाही ही आपली जुनी सल. मलिक अंबर म्हणजे इथिओपियातून गुलाम म्हणून विकत विकत दख्खनेत आलेला, पुढे निजामशाहीचा कारभार हाती घेऊन मोगलांना जेरीस आणणारा माणूस. खडकी त्यानेच वसवली, पुढे तिचं औरंगाबाद झालं. 1626 साली तो वारला. हैदराबादकर मंडळींना तिसरी गोष्टही ठाऊक असेल. तिथल्या ‘एसी गार्ड्स’ वस्तीचं नाव निजामाच्या आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्सवरून, म्हणजे हबशी घोडदळावरून पडलेलं आहे.

सगळे पुरुष, आणि सगळ्यांच्या हातात तलवार. पण त्याच जहाजांतून बायकाही आल्या होत्या की! त्यांच्या नावाची बखर कोणी लिहिली नाही.

त्या दिसतात त्या परक्या माणसाच्या लिखाणात. पिरार द लावाल हा फ्रेंच प्रवासी 1608 च्या सुमारास गोव्यात होता. जुन्या गोव्याच्या बाजारात माणसं कशी विकायला उभी करतात, हे त्याने लिहून ठेवलंय. पोर्तुगीजांची गलबतं मोझांबिककडून माणसं भरून आणत. बाजारातल्या मुलींचे गुण सांगताना विकणारे काय सांगत, तर ही शिवणकाम जाणते, ही मुरंबे-मिठाई करते. विकत घेणारा मालक मग त्यांच्या हातच्या वस्तू बाजारात विकून त्यावर पोट भरी. सुईदोरा येतो म्हणून चार पैसे जास्त मिळायचे, ते तिला नव्हे.

बरीच माणसं पळाली. गोव्याच्या मागं सह्याद्री उभा, घाट चढला की दाट रान. हल्याळ, यल्लापूर, अंकोला, मुंडगोड, जोयडा आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर, या पट्ट्यात आज जे सिद्दी आहेत त्यांतल्या बऱ्याच जणांचे पूर्वज असे रानात शिरलेले. पोर्तुगीज सरकारने गुलामांच्या व्यापारावर बंदीचा हुकूम काढला 1836 साली. गुलामी संपायला त्यापुढे आणखी कित्येक वर्षं गेली.

रानात स्वातंत्र्य मिळालं, पण सुख मिळालं असं कसं म्हणायचं? इंग्रज आले, जंगल राखीव झालं, कुमरीवर म्हणजे झाडी जाळून केलेल्या फिरत्या शेतीवर बंधनं आली. मग सिद्दी कुटुंबं सुपारीच्या बागांत आणि दुसऱ्याच्या शेतात राबायला लागली. कर्ज घ्यायचं आणि अंगमेहनतीनं फेडत बसायचं. घरातला गडी मालकाकडं अडकला की घर चालवायचं बाईनं. रानातून जळण आणायचं, मध गोळा करायचा, मजुरीला जायचं, आणि रात्री घाटातल्या पावसात पोरांच्या अंगावर घालायला काहीतरी हवं.

त्या ‘काहीतरी’चं नाव कवंद किंवा कवंदी.

आपल्याकडं वाकळ म्हणतात, देशावर गोधडी, कन्नड शेजारणी कौदी म्हणतात. नाव बघा किती जवळचं! पण सिद्दी बाईची रीत आपल्यापेक्षा वेगळी. खाली एक जुनी साडी पसरायची, आणि एका कोपऱ्यापासून कडेकडेनं ठिगळं लावत जायचं. प्रत्येक ठिगळाची कड दुमडून धावदोरा घालायचा. असं कडेनं फिरत फिरत शेवटी मध्यावर पोचायचं. आधी नकाशा काढलेला नसतो. जुना सदरा, फाटलेली साडी, पोराचं झबलं, हाताला येईल तो रंग. वर मग छोटी भडक ठिगळं लावतात, त्यांना टिकेली म्हणतात. सिद्दींत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. ख्रिस्ती बाईच्या कवंदीत एखादा क्रूस सापडेल, मुसलमान बाईच्या कवंदीत चंद्रकोर. बाकी टाका तोच.

घरात बोलतात ती कोकणी, त्यात मराठी आणि कन्नड मिसळलेली. आफ्रिकेची भाषा गेली. ढोलासारखं दमाम आणि त्यावरचा नाच राहिला. कवंदी आफ्रिकेतून जशीच्या तशी आली, असं मला वाटत नाही. ती इथल्याच चिंध्यांची आहे, आपण टाकून दिलेल्या कपड्यांची. पण ती सिद्दी बाईची आहे हे दुरून ओळखू येतं, आणि ओळख म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

बडोदेकर मंडळींना यातलं दुसरं टोक माहीत असेल. भरूच जिल्ह्यात रतनपूरच्या डोंगरावर बावा गोरचा दर्गा आहे. अकिकाच्या खाणींचा हा मुलूख. कथा अशी सांगतात, की तिथल्या राक्षसिणीला बावा गोर हरवू शकला नाही, म्हणून बहीण माई मिसरा आली आणि तिने काम फत्ते केलं. लेकरासाठी नवस बोलायला बायका आजही माई मिसराकडे येतात. आणि गीरजवळच्या जांबुरच्या हिराबाई लोबी. लहानपणीच आईबाप गेले, आजीने वाढवलं. शेतीतलं नवं काय ते रेडिओ ऐकून शिकल्या, गांडूळखत करू लागल्या, गावच्या सिद्दी बायकांना बचतीची सवय लावली. 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

इकडं आपल्या बाजूला सरकारला सिद्दी पहिल्यांदा आठवले ते धावण्यासाठी. 1987 साली खेळ प्राधिकरणाने त्यांची मुलंमुली निवडून शिबिरात नेली. रक्त आफ्रिकेचं म्हणून पदकं येतील, असा हिशेब. काही वर्षांत योजना गुंडाळली, पोरं गावी परतली. अनुसूचित जमातीचा दाखला उत्तर कन्नडच्या सिद्दींना 2003 साली मिळाला. तीच माणसं, तीच सोयरीक, पण जिल्ह्याची हद्द ओलांडली की दाखला नाही! बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना 2020 पर्यंत थांबावं लागलं. हद्दीच्या रेषेनं माणसाचं काय होतं, हे बेळगावकरांना वेगळं सांगायला नको. तरी एस.टी.त शेजारी बसलेल्या सिद्दी बाईला “कुठल्या देशाच्या?” असं विचारणारे आपलेच असतात. आपल्यातली बरीच घराणी पेशवाईत इकडं आली. त्या बाईचे पूर्वज त्याच्या आधीपासून इथं असतील.

2004 साली हेन्री ड्रुअल या अमेरिकन कला-अभ्यासकाच्या मदतीने या बायकांची कवंदी विकणारी सहकारी संस्था उभी राहिली, आणि 2011 साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, शॉम्बर्ग सेंटरमध्ये, त्यांच्या कवंदींचं प्रदर्शन भरलं. आता सुईची कमाई तिच्याच हातात पडते.

विकायची असो की लेकीच्या घरची, कवंदी संपताना चारही कोपऱ्यांना कापडाची घडी घालून फुलं लावतात. त्यांना फुलंच म्हणतात. ती लावायला वेळ जातो, ऊब काही वाढत नाही. पण फुलं नसतील तर कवंदी नागडी दिसते, असं या बायका म्हणतात, आणि कोपरे तसेच सोडत नाहीत.